निजसुरे आणि सरकारी पक्षी

माधवराव निजसुऱ्यांच्या कचेरीतल्या टेबलावर पाच वस्तू होत्या आणि त्यांपैकी एकीचाही सरकारी कामाशी संबंध नव्हता. हे मी स्वतः पाहिलं आहे. पुढे सरकारी कागदपत्रांनी याच्या नेमकं उलट सांगितलं, आणि त्या कागदपत्रांवर सही निजसुऱ्यांचीच होती.

काळ स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांचा, गाव कलकत्ता. निजसुरे केंद्र सरकारच्या एका लहानशा कचेरीचे प्रमुख होते. इस्पितळांत, कारखान्यांत आणि बंदरावर वापरली जाणारी तापमापकं, वायुभारमापकं तिथे तपासायला येत. बरोबर ठरली की त्यांवर शिक्का बसे, चूक ठरली की परत जात. निजसुरे पुण्याचे, बदलीने आलेले. मी एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो आणि भवानीपुरात ते ज्या घराच्या वरच्या मजल्यावर राहत, त्याच घरात खाली एक खोली घेऊन राहत होतो. ते मला ‘संपादक’ अशी हाक मारत. मी उपसंपादक आहे अशी दुरुस्ती केली की म्हणत, “अजून? कमाल आहे.”

उंच, सडपातळ, पन्नाशीच्या अलीकडचे. चेहरा इतका गंभीर की अनोळखी माणूस आवाज खाली आणून बोले. हसू आलं तरी ते चेहऱ्यावर येत नसे. फक्त डावा कान लाल होई. कचेरीतल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं आणि साहेब काही सांगू लागले की ते आधी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहत.

खरी यंत्रं निजसुऱ्यांना आवडत नसत. “खरं यंत्र एकच गोष्ट सांगतं आणि तीही विचारल्यावर,” ते म्हणत. “दिवसभर तापमापकाशी बोलून बघा, म्हणजे कळेल.” त्यांना आवडत त्या विज्ञानाच्या नावाखाली केलेल्या निरुद्योगी वस्तू. टेबलावर ठेवायच्या, बघत बसायच्या. तेव्हा गोरी कुटुंबं सामान विकून विलायतेला परतत होती. दर रविवारी कुठे ना कुठे लिलाव असे. लोक पियानो आणि जेवणाची टेबलं बघायला जात. निजसुरे कोपऱ्यातल्या खोक्यांत हात घालून बसत.

पाचांपैकी चार वस्तू आधी घरीच होत्या. त्या कचेरीत गेल्या त्या निजसुऱ्यांच्या पत्नी सुमतीवहिनी यांच्यामुळे. पहिली वस्तू हवामानाचं घर. लाकडी, वीतभर उंच, दोन दारांचं. हवा कोरडी असली की एका दारातून बाहुली-बाई बाहेर येई, दमट झाली की ती आत जाई आणि दुसऱ्या दारातून छत्री घेतलेला बुवा बाहेर येई. आत तातीचा, म्हणजे आतड्याच्या दोरीचा, तुकडा असतो, तो ओलाव्याने पीळ सोडतो, एवढंच त्यातलं विज्ञान. ते घर ज्या देशात बनलं तिथे ही जोडी दिवसातून दोनदा आतबाहेर करत असेल. कलकत्त्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बुवा बाहेर पडला तो दसरा उलटला तरी आत गेला नाही.

“अहो, पाच महिने नवरा बाहेर आणि बायको घरात,” वहिनी मला म्हणाल्या. “हे बघायला लाकडाचं घर कशाला विकत आणायचं, भाऊजी? माझ्याकडे चुन्याविटांचं आहे.”

निजसुरे म्हणाले, “कोरड्या गावी बदली झाली की बाई बाहेर येईल.”

“मग बदली मागा. तोवर हे उचला. आणि ते फिरणारं, ते बुडणारं, तेही उचला. या घरात एक तरी वस्तू अशी राहू द्या जी काही करत नाही.”

दुसऱ्या दिवशी सगळं एका टोपलीत घालून ट्रामने कचेरीत गेलं.

‘बुडणारं’ म्हणजे बाटलीतला सैतान. उंच बाटली, काठोकाठ पाणी, तोंडावर ताणून बांधलेलं रबर आणि आत बोटभर उंचीचा शिंगं असलेला काचेचा सैतान तरंगत. रबरावर अंगठा दाबला की तो तळाला जाई, सोडला की वर येई. अंगठा कोणाला दिसू नये असा ठेवायला निजसुऱ्यांनी फार थोडे दिवस घेतले असावेत. मैदानावर फुटबॉलची मोठी मॅच असली की कचेरीतल्या निम्म्या लोकांच्या आत्या-मावश्या आजारी पडत. निजसुरे अर्ज वाचत, मान हलवत, आणि म्हणत, “माझी ना नाही. पण यांना विचारू.” मग बाटलीकडे वळून, “काय हो, मावशी खरंच आजारी आहे का?” सैतान सावकाश तळाला जाई.

एका कारकुनाने रागाने विचारलं, “सर, आणि खरंच आजारी असली तर?”

“मग तो अर्ध्यात थांबतो,” निजसुरे म्हणाले. “थांबलेला अजून पाहिला नाही.”

रजा शेवटी सगळ्यांना मिळे. पण सैतानासमोर उभं राहिल्याशिवाय मिळत नसे.

तिसरी वस्तू प्रकाशाची चक्की. विजेच्या दिव्यासारखा काचेचा गोळा, आतली हवा जवळजवळ सगळी काढलेली, आणि सुईच्या टोकावर चार पाती. प्रत्येकाची एक बाजू काळी, एक पांढरी. ऊन पडलं की पाती फिरू लागत. भेटीला येणारे विचारत, हे कशाने? निजसुरे शांतपणे सांगत, प्रकाशाच्या दाबाने. हे चूक आहे. प्रकाशाच्या दाबाने फिरली असती तर पांढऱ्या बाजूला जास्त धक्का बसून ती उलट दिशेने फिरली असती. ती फिरते ती काळी बाजू तापून तिच्याजवळची उरलीसुरली हवा तिला ढकलते म्हणून. निजसुऱ्यांना हे चांगलंच ठाऊक होतं. पाहुण्याने मान डोलावली तर त्याला चहा. “मग उलटी नको का फिरायला?” असं जो विचारील त्याला चहा आणि बिस्किट, असा त्यांचा नियम. बिस्किटांचा डबा खणात असे. माझ्या माहितीत त्यातली बिस्किटं निजसुरेच संपवत. त्यांच्या कचेरीत प्राध्यापक येत, कारखानदार येत, एकदा एक मंत्रीही येऊन गेले. सगळे चहावर गेले. मीही.

चौथी वस्तू, दोऱ्यावर तोल धरून फिरणारा पितळी भोवरा. त्याच्याविषयी सांगण्यासारखं एवढंच की तो पडला की निजसुरे बैठक संपवत.

पाचवा तो पक्षी. लाल डोक्याचा, काचेचा, डोक्यावर उंच टोपी. त्यांच्या एका जहाजावरच्या मावसभावाने अमेरिकेहून आणलेला. समोर पाण्याचा पेला ठेवला की पक्षी वाके, चोच बुडवी, उठे, डुले, पुन्हा वाके. चोचीवरचं पाणी सुकतं, डोकं थंड होतं, पोटातला द्रव वर चढतो, तोल जातो. पाणी संपेपर्यंत थांबत नाही. मार्चमध्ये तो कचेरीत आला आणि पहिला आठवडाभर कचेरीत कोणी काम केल्याची नोंद नाही.

जुलैत पक्षी थांबला. कलकत्त्याच्या जुलैत काहीच सुकत नाही. दोरीवरचा पंचा नाही, तर चोच कुठून सुकणार? निजसुरे दोन दिवस त्याच्याकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेल्यातलं पाणी ओतून दिलं आणि काचनळ्या पुसायला ठेवलेलं स्पिरिट दोन चमचे घातलं. स्पिरिट कुठल्याही हवेत उडतं. पक्षी तत्काळ वाकला.

“मुंबई इलाख्यात याचा निभाव लागला नसता,” निजसुरे म्हणाले. तिकडे नुकतीच दारूबंदी आली होती.

इथे हरिपदबाबूंना आणायला हवं. हरिपद घोषाल त्या कचेरीचे भांडारपाल. वय पंचेचाळीसच्या आसपास, गाव बारिसाल, जे आता पाकिस्तानात गेलं होतं. तिथे त्यांचं घर, तळं आणि शाळामास्तरकी होती. इथे डमडमच्या पुढे निर्वासितांच्या वस्तीत दोन खोल्या आणि आठ माणसं. रोज गाडीने सियालदहला उतरून ते कचेरीत चालत येत आणि दाराचं कुलूप उघडायच्या आधी पोचत. जागा तात्पुरती. दर सहा महिन्यांनी मुदतवाढीचा कागद येई, आणि तो येईपर्यंत हरिपदबाबू नीट जेवत नसत, असं त्यांच्याच तोंडून मी ऐकलं आहे. त्यांनी एकदाही रजा मागितली नव्हती. सैतानाची आणि त्यांची गाठ पडलेली नव्हती.

हरिपदबाबू रजिस्टर घेऊन साहेबांसमोर उभे राहिले. (ते बंगालीत बोलत, निजसुरे व्याकरणशुद्ध, पुणेरी चालीच्या बंगालीत उत्तरं देत. मी मराठीत देतो.)

“सर, स्पिरिट दोन चमचे. कशासाठी लिहू?”

“पक्ष्यासाठी.”

“सर, स्पिरिट फक्त सरकारी उपकरणासाठी देता येतं.”

“खरं आहे.”

“पण पक्षी सरकारी स्पिरिट पितो.”

“तेही खरं.”

हरिपदबाबूंनी थोडा विचार केला. “म्हणजे पक्षी सरकारी आहे. रजिस्टरमध्ये नाही, ही माझी चूक.”

ते गेले आणि दुसरी, जाड वही घेऊन आले. वापरून न संपणाऱ्या वस्तूंची नोंदवही. टेबलं, कपाटं, मोठी उपकरणं तिच्यात चढतात आणि एकदा चढली की मोडीत निघाल्याशिवाय उतरत नाहीत. तिच्यात त्यांनी सुवाच्य इंग्रजीत लिहिलं. अर्थ असा: ‘पक्षी, काचेचा, पिणारा, एक. स्थिती: चालू.’ मग टेबलावर नजर फिरवली. एक वस्तू चढवायची राहिली, तर बाकीच्याही राहिल्या असतील, असा त्यांचा सरळ हिशेब. ‘घर, लाकडी, दांपत्यासह, एक.’ ‘सैतान, काचेचा, बाटलीत, एक.’ ‘चक्की, प्रकाशाची, एक.’ ‘भोवरा, पितळी, एक.’

इथे निजसुऱ्यांनी थांबवायला हवं होतं. या माझ्या आहेत, एवढं एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी ते उच्चारलं नाही. ‘दांपत्यासह’ हा शब्द त्यांनी दोनदा वाचला आणि पाचही नोंदींसमोर सही केली.

“कान किती लाल होता म्हणून सांगू,” त्यांच्या डाव्या बाजूला उभ्या असलेल्या मुख्य कारकुनाने मला पुढे सांगितलं. “आम्हाला वाटलं, साहेबांना ताप आला.”

त्या रात्री जेवताना निजसुऱ्यांनी ही हकीकत सांगितली आणि मी व वहिनी हसून बेजार झालो. त्यात काही धोका आहे हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही.

डिसेंबरात दिल्लीहून तपासणी अधिकारी आले. नाव वरदाचारी. कचेऱ्यांतल्या तात्पुरत्या जागांपैकी कोणत्या कायम करायच्या आणि कोणत्या बंद करायच्या, हे ठरवायला ते गावोगाव फिरत होते. आमच्याकडे यायच्या आधी त्यांनी दुसऱ्या एका शहरात एका भांडारपालाला खोट्या नोंदीवरून त्याच दिवशी घरी पाठवलं होतं, ही बातमी त्यांच्या आधी पोचली. त्या खोलीत पुढे जे झालं ते मला निजसुऱ्यांनी आणि मुख्य कारकुनाने वेगवेगळं सांगितलं. जिथे दोघांचं जुळत नव्हतं ती वाक्यं मी गाळली आहेत.

वरदाचारींनी नोंदवही उघडली. मागे हरिपदबाबू उभे होते. वरदाचारी एकेक नोंद वाचत आणि वस्तूवर पेन्सिल टेकवत. कपाटं झाली, तराजू झाले. मग ते टेबलापाशी आले.

“पक्षी,” त्यांनी वाचलं. “पिणारा. मिस्टर निजसुरे, याचा उपयोग?”

“बाष्पीभवन. कलकत्त्याच्या हवेत ते किती होतं हे दाखवतो.”

“किती होतं?”

“पावसाळ्यात होत नाही.”

“घर. दांपत्यासह?”

“हवेतला ओलावा.”

“आकडा कुठे दिसतो?”

“आकडा नाही. दांपत्य आहे.”

वरदाचारींनी पेन्सिल पुढे सरकवली. “सैतान?”

“दाबाचं प्रात्यक्षिक.”

“कोणाला दाखवता?”

“रजा मागायला येणाऱ्यांना.”

मुख्य कारकून म्हणतो की इथे त्याने डोळे मिटून घेतले. वरदाचारींनी चक्की उचलून खिडकीच्या उन्हात धरली. पाती फिरू लागली. “आणि हे?”

“प्रकाशाच्या दाबाने फिरतं,” निजसुरे सवयीने म्हणाले.

वरदाचारींनी विचारलं, “मग उलटी नको का फिरायला?”

निजसुऱ्यांनी खण उघडला, डबा काढला आणि बिस्किट पुढे केलं. वरदाचारींनी ते घेतलं, पण खाल्लं नाही. खोलीतल्या सर्वांना कळलं की या माणसाला सगळं कळलं आहे. त्यांनी बिस्किट वहीवर ठेवलं आणि विचारलं, “मिस्टर निजसुरे, सरळ विचारतो. या वस्तू तुमच्या आहेत का?”

प्रश्न साधा होता. होय म्हटलं असतं तर पाचही वस्तू परत मिळाल्या असत्या. निजसुरे कायम नोकरीतले. त्यांना एक ताकीद मिळाली असती आणि ती त्यांनी चौकट करून लावली असती. पण खासगी वस्तू सरकारी म्हणून चढवल्या त्या हरिपदबाबूंच्या अक्षरात, आणि हरिपदबाबूंची जागा तात्पुरती. ते मागे उभे होते. त्यांनी मान खाली घातलेली नव्हती. नोंदी बरोबर आहेत याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती. साहेबांनी सही केली होती.

“नाही,” निजसुरे म्हणाले. “सरकारच्या आहेत.”

“नक्की?”

“नोंदवहीत आहेत.”

त्या वेळी त्यांचा कान कसा होता, असं मी मुख्य कारकुनाला मुद्दाम विचारलं. “नेहमीसारखा,” तो म्हणाला. “अगदी पांढरा.”

वरदाचारींनी पाच नोंदींसमोर पाच खुणा केल्या आणि खाली शेरा लिहिला: वस्तू नोंदीप्रमाणे आढळल्या, जपून ठेवाव्यात. मग बिस्किट खाल्लं. पुढल्या महिन्यात हरिपदबाबूंच्या जागेचा कायमचा हुकूम आला. त्यांनी कचेरीत संदेश ही बंगाली मिठाई वाटली आणि आयुष्यातली पहिली रजा मागितली, एका दिवसाची. निजसुऱ्यांनी त्यांना बाटलीसमोर उभं केलं. सैतान जागचा हलला नाही.

एकदा सियालदहच्या गर्दीत हरिपदबाबू मला भेटले. मी त्यांना विचारलं, त्या वस्तू साहेबांच्या स्वतःच्या होत्या हे तुम्हाला माहीत होतं का? “रजिस्टरमध्ये आहेत, म्हणजे सरकारच्या आहेत,” ते म्हणाले, आणि त्यांची गाडी लागली होती म्हणून निघून गेले. या उत्तरावरून मला निष्कर्ष काढता आला नाही. बातमी असती तर मी ती छापली नसती.

मार्चमध्ये निजसुऱ्यांची बदली पुण्याला झाली. वहिनी आधीच पुढे गेल्या. शेवटच्या दिवशी हावड्याला सोडायला म्हणून मी टॅक्सी घेऊन कचेरीत गेलो, तेव्हा निजसुरे नव्या साहेबाला वस्तू सोपवत होते. नवा साहेब तरुण आणि घाईत होता. निजसुऱ्यांनी त्याला पेल्यात पाणी किती घालायचं ते सांगितलं, पावसाळ्यात काय करायचं ते सांगितलं, अंगठा कुठे ठेवायचा ते दोनदा करून दाखवलं. चक्की कशाने फिरते असं त्याने विचारलं. “प्रकाशाच्या दाबाने,” निजसुरे म्हणाले. नव्या साहेबाने मान डोलावली.

आम्ही जिन्याशी आलो तर हरिपदबाबू तिथे उभे.

“सर, बॅग.”

“अरे हो,” निजसुरे म्हणाले आणि त्यांनी बॅग खाली ठेवून उघडली. बाहेर जाणारी प्रत्येक बॅग बघायची असा नियम त्यांनीच केला होता. जेवणाचा डबा, पंचा, दोन पुस्तकं आणि पितळी मुठीचं एक भिंग.

“हे भिंग, सर?”

“माझ्या वडिलांचं.”

“तसंच नऊ आपल्या भांडारात आहेत.”

“आहेत ना. मोजून या.”

मी म्हटलं, “माधवराव, खाली टॅक्सी थांबलीय. गाडी चुकेल.”

“संपादक, मोजू दे त्यांना. नऊ भरायला हवीत.”

हरिपदबाबू आत गेले. आतून खण उघडल्याचे आणि मोजल्याचे आवाज येऊ लागले. एक, दुई, तीन. निजसुरे जिन्याच्या कठड्याला टेकून ऐकत होते. आठावर आवाज थांबला. मग खण पुन्हा उघडले गेले, घाईने.

“हरिपदबाबू,” निजसुऱ्यांनी आत हाक दिली, “तराजूच्या कपाटात, वरच्या फळीवर. परवा मीच ठेवलं.”

“नऊ!” आतून आवाज आला. तो आवाज सुटका झालेल्या माणसाचा होता.

हरिपदबाबू बाहेर आले. त्यांनी भिंग पंच्यात गुंडाळून नीट आत ठेवलं, बॅग बंद केली, आणि आमच्यापैकी कोणी हात घालायच्या आत ती उचलून जिना उतरायला लागले. कायम झालेल्या भांडारपालाने कोणाची बॅग उचलावी असं त्यांच्या कोणत्याही नियमात नव्हतं. निजसुरे मोकळ्या हातांनी त्यांच्या मागे निघाले.

“सांभाळून, हरिपदबाबू,” ते म्हणाले. “त्यात सरकारचं काही नाही.”

“म्हणून तर मी उचलली, सर,” हरिपदबाबू मागे न बघता म्हणाले.